एकोणतीस हजारांत

वहीच्या शेवटच्या पानावर, शिसपेन्सिलीनं,
कारण भाव रोज बदलतात.
प्रोसेसर नवा, पोटातच ग्राफिक्स असलेला;
वेगळं कार्ड पुढच्या जन्मी.
बोर्ड वापरलेला चालेल.
रॅम सोळा. नाही, आठ. आठच,
पण एकच काडी, म्हणजे शेजारची खाच
दिवाळीच्या बोनसची वाट बघत राहील.
कॅबिनेट पत्र्याचं, काच नको.
पॉवर सप्लाय मात्र नावाचा.
ही बाबांची अट:
"मोटार कसलीबी घाल गे,
वायरिंगमधी कंजूषपणा करायचा नाही."

बाबा उद्यमबागेत लेथवर.
एकवीस वर्षं बुशात शाफ्ट बसवतात,
केसाएवढा फरक त्यांच्या अंगठ्याला कळतो.
मी कुलरची उंची वाचून दाखवली,
त्यांनी दुकानातल्या कॅबिनेटला व्हर्नियर लावला
आणि मान हलवली. तीन मिलिमीटर.
"बसवशील गे दाबून. पण घट्ट बसलं
म्हणजे जुळलं असं न्हवे,
आत वाऱ्याला जागा पायजे की."
कुलर खोडला.
प्रोसेसरच्या डब्यात फुकट येतो तो लिहिला.
अठराशे वाचले. त्यांची रॅम झाली नाही,
आईच्या भिशीचा हप्ता राहिला होता.

मजगावात, पाटावर वर्तमानपत्र पसरून,
एकेक सुटा भाग जोडत गेले.
रॅमची खाच बघून रॅम,
त्रिकोणाला त्रिकोण लावून प्रोसेसर,
काहीच जोर न लावता आत उतरला.
बटण दाबलं. पंखा फिरला.
पडदा काळा.

तीन रात्री.
रॅम काढली, खोडरबरानं पुसली, बसवली.
वायरी मोजल्या.
बोर्डावर एक लाल ठिपका,
काही न सांगता लुकलुकणारा.
आई म्हणाली, "दुकानदारानं फसवलं काय की."
बाबा काही बोलले नाहीत,
त्यांनी फक्त तव्यावरून भाकरी स्वतः घेतली.

चौथ्या दिवशी टॉवेलात गुंडाळून
सगळं मांडीवर घेऊन सिटी बसमध्ये.
दुसऱ्या गेटावर मालगाडी,
वाघिणी मोजल्या, एकेचाळीसनंतर सोडून दिल्या.

मल्लेशी हुद्दार फोनवर कन्नड,
माझ्याशी मराठी, आकडे इंग्रजीत.
टॉवेल उघडला आणि हसले.
"सॉकेट तेच की. पिना बी तेवढ्याच.
पण बोर्ड जुना, बाई. तुझा प्रोसेसर
त्याच्यानंतर जन्मला.
ह्याच्या यादीत त्याचं नावच नाही,
मग दारात उभा राहिला तरी आत कोण घेणार?"

आमच्या घरात तीन कागदांवर
तीन वेगवेगळे मुचंडीकर आहेत.
एकाला वेलांटी ऱ्हस्व, एकाचा च गेलेला,
आणि एक कन्नडात, जो बाबांना वाचता येत नाही.
प्रत्येक खिडकीशी ते म्हणतात, मीच तो.

हुद्दारांनी ड्रॉवरमधून
एक म्हातारा प्रोसेसर काढला,
बोर्डाच्या ओळखीतला.
तो बसवला, पेन ड्राइव्ह लावला.
"आता नऊ मिनिटं हात लावायचा नाही.
मधी लाइट गेली की बोर्ड मेला."
यूपीएस एकदा ओरडला.
आम्ही दोघांनी एकदम छताकडे बघितलं.
पट्टी सरकत होती, अडुसष्ट, एकोणसत्तर,
एकोणसत्तर,
सत्तर.

मग म्हातारा बाहेर, माझा आत.
"ईग बंतु नोडु," हुद्दार म्हणाले,
आणि खरंच आलं:
निळ्या पडद्यावर त्याचं पूर्ण नाव,
आठ जीबी, आणि तारीख
सहा वर्षांपूर्वीची एक जानेवारी.
पैसे विचारले तर म्हणाले, चहा सांग.

रात्री बाबांनी कॅबिनेटवर तळवा ठेवला,
लेथच्या बेअरिंगवर ठेवतात तसा.
"आवाज बरा हाय," एवढंच.
मग मला एक बुश काढून दाखव म्हणाले,
बाहेरून चाळीस, आतून पंचवीस.
मला त्या सॉफ्टवेअरमध्ये वर्तुळसुद्धा येत नव्हतं.

वहीतली बेरीज
एकोणतीस हजार तीनशे चाळीस.
चहा धरलेला नाही.
वरचे तीनशे चाळीस कुठून आले
हे बाबा सांगत नाहीत, आणि
दिवाळीला अजून सात महिने आहेत.